सोडून द्यायची नदी

आपण आज सकाळी सात वाजता नदीवर मासे पकडत होतो, ही बातमी संजीवला दुपारी दीड वाजता फोनवर कळली.

तोपर्यंत त्याची समजूत अशी होती की सकाळी सात वाजता तो ओंगारला स्वतःच्या घरासमोर वाकून, गाडीच्या डिकीत सोलकढीचा डबा कलंडणार नाही अशा बेताने बसवत होता. मग बायको मेधा आणि मुलगी रेवा यांना घेऊन अडीच तास गाडी हाकत तो शॅननला बहिणीकडे आला होता. आता लताच्या स्वयंपाकघरात तो नारळ खवत होता. हात भरलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला, आणि जे ऐकायचं ते सगळ्या घराने ऐकलं.

"हॅलो संजीव! मी ओर्ला, फिशरीजची. सकाळी काय छान गप्पा झाल्या आपल्या!"

"हो का?" संजीव म्हणाला.

"तुझं हातजाळं काठावरच राहिलं बघ. मी तीनच्या सुमाराला शॅननवरूनच जाणारेय, देऊन जाईन. तुझ्या मुलीचं घर विमानतळाच्या रस्त्यालाच ना? निळं दार?"

संजीवने मुलीकडे पाहिलं. रेवा पंधरा वर्षांची होती. तिच्या मालकीचं शॅननमध्ये घर नव्हतं. एक सायकल होती, ती ओंगारला.

"ग्रँड," उत्तराची वाट न बघता फोन आपण होऊन म्हणाला. "आणि संजीव, खरं सांगते, एकतीस वर्षं मत्स्यखात्यात काढलेला माणूस आमच्या नदीवर भेटला, माझा दिवस सुधारला."

फोन बंद झाला. संजीवची नजर रेवावरून मेधावर गेली, मेधाची लतावर, लताची तिच्या नवऱ्यावर, म्हणजे शशिकांतवर, आणि शशिकांतने ती घाईघाईने पुढे पाठवून दिली. शेवटी सगळ्या नजरा टेबलाच्या टोकाशी येऊन थांबल्या. तिथे पद्माकर केळुसकर लसूण सोलत होते. वय चौऱ्याहत्तर. परवाना अधिकारी, मत्स्यव्यवसाय खातं, निवृत्त.

"बाबा," संजीव म्हणाला, "मी सकाळी कुठे होतो?"

"नदीवर," पद्माकर म्हणाले. "परवाना तुझ्या नावाचा आहे. तू नसशील तर मी कसा असेन?"

"तुम्ही तिला माझं नाव सांगितलंत?"

"नाही. तिने परवाना पाहिला आणि विचारलं, मिस्टर केळुसकर? मी म्हटलं, येस. यात खोटं काय आहे?"

"तिला तुम्ही माझ्यासारखे शेहेचाळीसचे वाटलात?"

"मास्क होता," शशिकांत म्हणाला. सकाळी सासऱ्यांना नदीवर नेणारा आणि आणणारा तोच होता, त्यामुळे खुलाशांचं खातं आपोआप त्याच्याकडे आलं होतं. "आणि टोपी. आणि तसे बाबा दिसतात फिट."

परवाना 'संजीव पद्माकर केळुसकर' या नावाचा होता हे खरं. मे महिन्यात त्यानेच तो इंटरनेटवरून काढला. साथीमुळे बाबा पंधरा महिने इथे अडकलेले, व्हिसा सरकार आपण होऊन पुढे ढकलतंय, अशा माणसाचं नाव आणखी एका सरकारी फॉर्मवर कशाला, असा त्याने विचार केला. घरात गॅसचं कनेक्शन एकाच्या नावावर असतं आणि जेवतात सगळे, तसंच हे. पद्माकरांनी त्याला तेव्हाच सांगितलं होतं की परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. पण सांगून झाल्यावर त्यांनी तो खिशात ठेवला होता.

"जाऊ दे," मेधा म्हणाली. "येईल, जाळं देईल, जाईल. आपण थँक्यू म्हणू. लता, कोकमाचं आगळ कुठेय?"

"त्या वरच्या प्रेसमध्ये." लताने कपाटाकडे बोट दाखवलं.

प्रकरण इथेच मिटलं असतं. पण रेवा फोनमध्ये डोकं घालून बसली होती, आणि या मुलीला शाळेने एक वाईट सवय लावली होती: ती वाचायची.

"आबा, वेट. विच रिव्हर?"

आबांनी नदीचं नाव सांगितलं.

"बट दॅट्स कॅच अँड रिलीज. इट सेज हिअर. धिस सीझन यू कान्ट कीप एनी सॅमन. यू हॅव टु पुट देम बॅक."

"माहीत आहे," पद्माकर म्हणाले.

ओट्यावर सॅमनच्या अकरा तुकड्या हळद-मीठ लावून बसल्या होत्या. बारावं, बाजूला, डोकं होतं. त्याचा चेहरा मात्र काहीच माहीत नसल्यासारखा होता.

"माहीत आहे म्हणजे?" लता म्हणाली. तिच्या हातातला चमचा तसाच. "बाबा, तुम्ही म्हणालात मिळाला. मला वाटलं मिळाला म्हणजे... मिळतो तसा मिळाला."

मग पद्माकरांनी लसणीची सालं एकत्र केली आणि खात्याची पद्धत समजावून सांगितली. घरात आग लागली असती तरी त्यांनी आधी अग्निशमन दलाची रचना समजावली असती. प्रत्येक नदीत दर वर्षी किती मासे अंडी घालायला वर गेले, ते इथे मोजतात. नदीला जगायला लागतात त्यापेक्षा जास्त निघाले, तर वरचे मासे गळवाल्यांना. प्रत्येक माशाच्या कल्ल्यातून निळा टॅग ओवायचा आणि वहीत नोंद करायची. कमी निघाले, तर नदी फक्त पकडून सोडून द्यायची. गळाला उलटा काटा नको, गांडूळ नको, मासा पाण्याबाहेर फार वेळ नको. आणखी कमी निघाले तर नदी बंद. हंगाम संपला की वही परत. काही लागलं नसेल तरी परत, शून्य लिहून. त्या वह्यांवरून पुढच्या वर्षीचं ठरतं.

"काय सुंदर पद्धत बसवलीय," ते म्हणाले. हिवाळाभर लताच्या दिवाणखान्यात बसून त्यांनी ही नियमावली वाचली होती, दुसऱ्या वेळेस पेन्सिल घेऊन. "आपल्याकडे आम्ही नुसता पावसाळा बंद करायचो. इथे ते प्रत्येक नदीला वेगळं विचारतात, तुला काय परवडतं."

"आणि तुम्ही तिचा मासा आणलात," संजीव म्हणाला.

"आणला."

"ती भेटली तेव्हा मासा कुठे होता?"

"माझ्या पाठीवरच्या पिशवीत. आम्ही अर्धा तास बोललो. गार लागत होता पाठीला."

कोणी हसलं नाही. शशिकांतला हसू आलं होतं, पण त्याने ते खोकल्यात घालवलं.

का आणला, हे विचारायची गरज नव्हती. मागे तिकडेच राहिलेली त्यांची बायको, सरिता, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्याच्या एका हॉस्पिटलात गेली. शेजारच्यांनी सगळं केलं. बारावं, तेरावं उरकलं, आणि फोनवर दाखवलं. पण केळुसकरांच्यात तिखटाचं जेवण झाल्याशिवाय सुतक फिटत नाही. गेलेल्या माणसाच्या आवडीचा मासा रांधायचा, त्याचं पान बाजूला वाढायचं, घरातल्या वडील माणसाने पहिला घास घ्यायचा, मग बाकीच्यांनी. पद्माकरांनी निकाल दिला होता की रक्ताचं एकही माणूस हजर नसताना शेजाऱ्यांनी घातलेलं तिखट धरलं जाणार नाही. नियमच तो. साथीच्या नियमांमुळे तेव्हा घरं एकमेकांकडे जाऊ शकत नव्हती. त्यामुळे एप्रिलपासून जूनपर्यंत लताच्या घरी वरण-भात शिजला, आणि ओंगारलाही. दोन घरं, दोन महिने, एक मासा नाही. सरितेला रावस आवडायचा. इथे रावसाच्या सगळ्यात जवळचा नातेवाईक तो हा.

"दुकानात मिळतो, बाबा," संजीव म्हणाला. "प्लास्टिकमध्ये. मी येतानाच आणला असता."

"तो पिंजऱ्यात वाढवलेला. तुझ्या आईने त्याला हात लावला नसता."

"आई आता हात लावणार आहे का?"

हे बोलून झाल्यावर त्याने नारळाची वाटी खाली ठेवली. लताने गॅस बारीक केला.

"तुला नागरिकत्वाची काळजी वाटतेय," ती म्हणाली. आवाजात धार होती, आणि ती आजची नव्हती. "सरळ बोल ना तसं."

"वाटतेय! अर्ज दोन वर्षं पडलाय तिथे. चांगली वर्तणूक, असा आख्खा एक प्रश्न आहे त्यात. कुठल्या खात्याने तुमच्यावर काही कारवाई केलीय का, लिहा. काय लिहू? मी घरी डिकीत डबा बसवत असताना माझ्या नावाने मासा मारला गेला?"

"एक मासा, दादा."

"नियम मोडलाय आणि परवाना दुसऱ्याला वापरू दिलाय. मी दिलाय. बाबांना इथे काय होणार? विमानं सुरू झाली की ते जाणार. राहणार मी."

"तू राहणारच," लता म्हणाली. "राहण्यासाठीच तर गेला नाहीस."

मेधा इतका वेळ आगळ ढवळत होती. ती नवऱ्याच्या बाजूने बोलणार असं संजीवला वाटलं असावं, कारण तो जरा तिच्याकडे सरकला.

"खरंय ते," मेधा म्हणाली. "तिकीट काढलं होतं आपण. परत येता आलं नाही तर अर्ज बाद होईल, म्हणून मी नको म्हटलं. त्याने ऐकलं. लता, शिव्या द्यायच्या तर मला दे." मग ती सासऱ्यांकडे वळली. "पण बाबा, ज्यासाठी तो आईंना शेवटचं बघायला गेला नाही, तेही आता या माशापायी गेलं, तर त्याने कशासाठी काय केलं, हे मला त्याला सांगता येणार नाही. मी नाही सांगू शकणार."

पद्माकरांनी हात धुतले. नळ जरा जास्तच वेळ वाहिला.

त्यांनी मनाशी ठरवलं होतं, ते वेगळं होतं. ठरलं असं होतं की मासा मारायचा, सरितेचं पान वाढायचं, आणि सोमवारी त्या खात्याला पत्र लिहायचं: मी, अमुक अमुक, असं असं केलं, शिक्षा द्यावी. मसुदा तयार होता. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मसुद्यांवर सह्या केल्या होत्या. हा पहिला स्वतःचा. वेंगुर्ल्याला असताना एका जूनमध्ये, बंदी लागून चौथा दिवस, त्यांनी देवगडच्या एका होडीवरचं जाळं जप्त केलं. ते सरितेच्या सख्ख्या भावाचं निघालं. ती दारात येऊन एवढंच म्हणाली होती, "एकदा सोडा. माज्यासाठी." ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. ती भांडली नाही. आत गेली. अकरा वर्षं तिला माहेरचं बोलावणं आलं नाही, आणि अकरा वर्षांत तिने तो विषय एकदाही काढला नाही. आता तिच्यासाठी एकदा नियम मोडायचा, आणि मोडला हे सहीनिशी सांगायचं, असा त्यांचा हिशेब होता. त्यात संजीवच्या नावाची वही बसवायची राहून गेली होती. परवाना अधिकाऱ्याला परवान्यावरचं नाव विसरायला झालं होतं.

"मी तिला दारातच सांगतो," ते म्हणाले. "सांगतो की मुलाला काही माहीत नव्हतं."

"आणि ती विचारेल, परवाना तुमच्याकडे कसा?" संजीव म्हणाला. "मग?"

हा प्रश्न त्यांनी स्वतः शेकडो लोकांना विचारला होता.

"आपण दुकानातला म्हणू," शशिकांत म्हणाला. "ती युअर वन, ती बाई, काय तपासायला थोडीच येतेय? जाळं देऊन जाईल."

"डोकं आहे ओट्यावर," लता म्हणाली. "कुठलं दुकान डोकं देतं इथे?"

मेधाने शांतपणे डोकं उचललं, पातेल्यात ठेवलं, झाकण लावलं आणि पातेलं प्रेसमध्ये तांदळाच्या डब्यामागे सरकवलं. दोन मिनिटांपूर्वी एकमेकींचे डोळे चुकवणाऱ्या नणंद-भावजया आता एकत्र ओटा पुसत होत्या. संजीवने खिडक्या उघडल्या. कालवण उकळत होतं. तिरफळाचा वास खिडकीतून बाहेर जायच्या ऐवजी, बाहेर कोण आहे ते बघून परत आत आल्यासारखा घरभर फिरला.

बेल पावणेतीनलाच वाजली.

"मी जातो," पद्माकर म्हणाले. "तिला संजीव माहीत आहे. तो मी आहे."

ओर्ला तिशीतली असेल. हिरवं जॅकेट, चिखलाचे बूट, मागे चालू ठेवलेली जीप. तिने जाळं भिंतीला टेकवलं आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली, त्या वर्षी सगळेच उभे राहायचे तशी.

"नंतर काही लागलं का?" तिने विचारलं.

आत पाच माणसं श्वास धरून होती. पद्माकरांना ते पाठीवर कळत होतं, सकाळच्या पिशवीसारखं.

"नाही," ते म्हणाले.

"वही आहे जवळ? आजची नोंद करून टाक. लोकांना वाटतं शून्य कशाला लिहायचं. पण किती तास बसलं आणि काही नाही लागलं, हेही आम्हाला हवं असतं. तुला मी काय सांगणार!"

वही शर्टाच्या खिशात होती. त्यांनी दाराच्या चौकटीवर टेकवून ती उघडली. तारीख. नदी. तास: दोन. मासे. त्या रकान्यापाशी पेन थांबलं. हाताखालच्या किती कारकुनांना त्यांनी या एका रकान्यासाठी उन्हात उभं केलं होतं. खोटी नोंद म्हणजे समुद्राच्या ताटातलं चोरणं, असं ते भाषणात म्हणायचे आणि लोक घड्याळ बघायचे. त्यांनी शून्य काढलं. नीट, गोल, मुलाच्या नावाखाली.

"काय सुरेख वास येतोय," ओर्ला म्हणाली. "काही आहे का आज?"

"माझी बायको गेली. एप्रिलमध्ये, तिकडे. आज तिचं जेवण आहे."

"अरेरे," ती म्हणाली, आणि इथल्या पद्धतीने हात पुढे केला, मग नियम आठवून मागे घेतला. "सॉरी फॉर युअर लॉस. जाताही आलं नसेल तुला."

"नाही."

ती वही घ्यायला पुढे झाली आणि तिची नजर त्यांच्या मनगटावर थांबली. बाहीच्या कडेला एक खवला चिकटला होता. मोठा, रुपेरी, वाळून कागद झालेला. मासा त्यांनीच खवलला होता. ते काम ते कोणाला देत नसत.

तिने तो नखाने अलगद सोडवला. उजेडात धरला. फिशरीजच्या माणसाला खवला काय सांगतो, हे पद्माकरांना माहीत होतं: लाकडाच्या वळ्यांसारख्या रेघा, इतकी वर्षं नदीत, इतकी समुद्रात. पिंजऱ्यातला की मोकळा. त्यांच्या खात्यात अशा खवल्यांसाठी छोटी पाकिटं असायची. तिच्याही जॅकेटच्या खिशातून तसल्याच पाकिटांची कड दिसत होती.



तिने खवला बोटांवरून फुंकून टाकला. तो फुलझाडांच्या वाफ्यात कुठेतरी गेला. मग तिने वहीत आजच्या शून्यासमोर आपली आद्याक्षरं घातली आणि वही परत दिली.

"तुमच्यात मधलं नाव वडिलांचं असतं ना?" ती म्हणाली. "आमच्या ऑफिसात एक पुण्याची मुलगी आहे, तिने सांगितलं." ती जीपकडे वळली. "जेवण गार होईल. काळजी घे, पद्माकर."

दार लावून ते आत आले तेव्हा घर हसत होतं. शशिकांत म्हणाला, सुटलो बुवा. लताने संजीवच्या पाठीत चापट मारली आणि संजीवने ती मारू दिली. मेधाने डोकं प्रेसमधून काढून कालवणात सोडलं. "व्हॉट डिड शी से?" रेवाने विचारलं. आबा म्हणाले, "जेवण गार होईल म्हणाली."

त्यांनी बाकीचं कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संजीव रात्रंदिवस घाबरत राहिला असता, आणि उगाच. तिने ते मिटवलं होतं. एकतीस वर्षांत जे त्यांना एकदाही जमलं नाही, ते ती पोरगी जीप चालू ठेवून करून गेली होती. आणि आता सोमवारचं पत्रही लिहिता येणार नव्हतं. लिहिलं तर त्यात मुलगा गेला असता, आणि तिची आद्याक्षरंही.

पानं मांडली. सरितेचं पान खिडकीशी, शेपटीकडची तुकडी, ती तिला आवडायची, भरपूर रस. सगळे बसले. कोणी हात घालेना. घालायचा नव्हताच, आधी त्यांनी.

"घ्या ना बाबा," लता म्हणाली.

"तुम्हीच खा. मला आज नको."

"असं कसं?" संजीव म्हणाला. दुपारभर त्याच्या आवाजात जे होतं ते आता नव्हतं. त्याने बापाचं पान त्यांच्याकडे थोडं सरकवलं. "तुम्ही घेतल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. तुमचाच नियम. दोन महिने झाले बाबा, आईचं सुतक फेडा आता."

सहाव्या खुर्चीवर रेवासुद्धा हात मांडीवर ठेवून बसली होती. पद्माकरांनी एकेकाकडे पाहिलं. मग काटे बाजूला केले, भातात रस कालवला, घास केला आणि तोंडात घातला. फार वेळ चावत राहिले. मासा ताजा होता, मीठ बेताचं होतं, तिरफळ नेमकं लागलं होतं. सरिता असती तर दुसऱ्यांदा मागितला असता.

"घ्या," ते म्हणाले.

पाच हात एकदम पानाला लागले. पद्माकर मान खाली घालून जेवत राहिले, सगळं संपवलं, ताट चाटून पुसून. शशिकांत आणखी वाढायला आला, तेव्हा ते नको म्हणाले नाहीत.